कोकणची रेल्वे आणि संसदपटू दंडवते

लोकसभेत निवडून गेलेला सदस्य हा आपल्या मतदारसंघाचा वकील असतो की साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी, हा संसदीय लोकशाहीतील एक जुना प्रश्न आहे. तो केवळ वकील झाला तर रस्ता, पूल आणि गाडीचा थांबा मागण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. केवळ राष्ट्राचा झाला तर पुढच्या निवडणुकीत मतदार त्याला ओळख दाखवीत नाहीत. बहुतेक सदस्य या दोहोंपैकी सोयीची वाट धरतात. प्रा. मधू दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून सलग पाच निवडणुका जिंकल्या आणि दोन दशके या दोन्ही वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. कोकणात रेल्वे यावी ही त्यांच्या मतदारांची मागणी होती. परंतु ती कोकणवर करावयाच्या कृपेची याचना म्हणून मांडावी, हे त्यांना मान्य नव्हते. देशातील साधनसामग्रीचे वाटप कोणत्या कसोटीवर व्हावे, या मोठ्या प्रश्नाचाच तो एक भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या संसदीय कार्याचे मोल नेमके येथे आहे. आणि त्या कार्याला मतपेटीतून मिळालेले उत्तरही विचार करावयास लावणारे आहे.

प्राध्यापक ते संसदपटू

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे झाला. भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी मुंबईत घेतले आणि पुढे अनेक वर्षे सिद्धार्थ महाविद्यालयात तोच विषय शिकविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने स्थापन केलेल्या या महाविद्यालयात नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. १९४२ च्या आंदोलनाने ज्या तरुणांना सार्वजनिक जीवनात ओढून आणले त्यांपैकी दंडवते एक होत. समाजवादी चळवळ, १९५५ चा गोवा विमोचन सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा या मार्गाने ते प्रजा समाजवादी पक्षाच्या नेतृत्वापर्यंत पोचले. १९७० मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले आणि पुढच्याच वर्षी लोकसभेत गेले.

भौतिकशास्त्राच्या अध्यापनाने त्यांना एक शिस्त दिली होती. आधी वस्तुस्थिती, मग नियम आणि शेवटी निष्कर्ष हा वर्गातील क्रम त्यांच्या सभागृहातील भाषणांतही दिसे. सभागृहाची नियमावली त्यांना मुखोद्गत होती. हरकतीचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव, लक्षवेधी सूचना, प्रश्नोत्तराचा तास ही आयुधे केव्हा आणि कशी वापरावी, याची त्यांना उत्तम जाण होती. ज्या पक्षाकडे संख्याबळ नसते त्याला नियमांच्या बळावरच उभे राहावे लागते. प्रजा समाजवादी पक्षाचे १९७१ मध्ये अवघे दोन सदस्य लोकसभेत निवडून आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अभ्यासूपणामागील गरजही समजते.

नाथ पै यांचा वारसा

राजापूर मतदारसंघ दंडवते यांच्याकडे आला तो एका दुःखद प्रसंगातून. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका जिंकणारे, वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅरिस्टर नाथ पै यांचे १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे अकाली निधन झाले. अवघ्या काही आठवड्यांत लोकसभेची मध्यावधी निवडणूक होती. इंदिरा गांधींच्या बाजूने देशभर लाट होती आणि महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेतही राजापूरच्या मतदारांनी नगरमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत राहणाऱ्या या प्राध्यापकाला निवडून दिले.

हा वारसा सुखाचा नव्हता. नाथ पै हे ओघवत्या वाणीचे, लोकांच्या हृदयात घर केलेले नेते होते. त्यांच्या जागी येणाऱ्याची पदोपदी तुलना होणे अपरिहार्य होते. शिवाय वक्तृत्वाबरोबर नाथ पै यांनी एक अपुरे राहिलेले कामही मागे ठेवले होते. ते काम कोकणच्या दळणवळणाचे.

बोट, एस.टी. आणि मनिऑर्डर

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यास गेली. त्यानंतर रेल्वेने बोरघाट आणि थळघाट चढून देशावर प्रवेश केला. मुंबईच्या दक्षिणेस पसरलेल्या किनारपट्टीकडे मात्र तिने पाठ फिरविली. पुढची शंभराहून अधिक वर्षे सावंतवाडी किंवा मालवणच्या माणसाला आगगाडीत बसावयाचे तर आधी घाट चढून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागे.

मुंबईस जाण्याचा त्याचा जुना मार्ग समुद्राचा होता. आगबोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बंदरे उथळ असल्याने बोट दूर उभी राही आणि प्रवाशांना सामानसुमानासह पडावातून तिच्यापर्यंत पोचावे लागे. पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच असे. पुढे रस्ते सुधारले आणि लाल एस.टी. आली. तिने कोकणची मोठी सेवा केली. परंतु परशुराम, कशेडी यांसारखे घाट ओलांडीत रात्रभर होणारा तो प्रवास आजारी माणसाला, वृद्धाला आणि लेकुरवाळ्या बाईला शिक्षाच वाटे. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत तिकिटासाठी होणारी धावपळ हा मुंबईतील प्रत्येक कोकणी कुटुंबाचा अनुभव होता.

या दळणवळणाच्या अभावामागे एक विशिष्ट अर्थव्यवस्था उभी होती. डोंगरउताराची तुटपुंजी शेती आणि उद्योगधंद्यांची वाण यांमुळे कोकणची सर्वांत मोठी निर्यात माणसांचीच होती. घरटी एक पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत असे आणि गावाकडील चूल त्याच्या मनिऑर्डरीवर पेटे. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक असल्याचे जनगणना दशकानुदशके दाखवीत होती, त्याचे मुख्य कारण हेच होय. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा त्याची झळ गिरणगावाइतकीच कोकणातील खेड्यांनाही लागली. एका शहराच्या एका उद्योगावर विसंबलेला प्रदेश किती असुरक्षित असतो, हे त्या वेळी उघड झाले.

आधी वाहतूक की आधी रेल्वे?

कोकणला रेल्वे का मिळत नव्हती, याचे सरकारी उत्तर वरकरणी बिनतोड होते. नवा लोहमार्ग टाकावयाचा तर गुंतविलेल्या भांडवलावर किमान परतावा मिळाला पाहिजे. रेल्वेला सर्वसाधारण महसुलातून मिळालेल्या भांडवलावर लाभांश द्यावा लागे. त्यामुळे ही कसोटी केवळ कागदी नव्हती. कोकणात या कसोटीचे दोन्ही अंग प्रतिकूल होते. सह्याद्रीचे फाटे समुद्रापर्यंत आलेले, मध्ये नद्या आणि खाड्या, ठिसूळ माती आणि प्रचंड पाऊस; म्हणून खर्च जबर. कारखाने नाहीत, खाणी थोड्या. म्हणून मालवाहतूक अल्प आणि उत्पन्न तुटपुंजे.

या युक्तिवादातील दोष असा की, तो परिणामालाच कारण मानतो. जेथे साधन नाही तेथे वाहतूक निर्माण होत नाही आणि वाहतूक नाही म्हणून साधन द्यावयाचे नाही, असे हे चक्र आहे. आजची वाहतूक मोजून उद्याचा मार्ग ठरवावयाचा झाला तर आधीच विकसित असलेल्या प्रदेशाकडेच भांडवल वाहत राहील आणि मागासलेला प्रदेश मागासलेलाच राहील. रेल्वेच्या जमाखर्चात दिसणारा नफा आणि समाजाला होणारा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोचणे, आंबा व मासळी खराब होण्यापूर्वी बाजारात जाणे, गावाजवळ धंदा उभा राहणे यांची नोंद रेल्वेच्या खातेवहीत होत नाही; पण राष्ट्राच्या खात्यात ती जमेच्या बाजूलाच असते.

मागासलेल्या भागातील रेल्वे ही विकासाची पूर्वअट मानावी, ही दंडवते आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांची भूमिका होती. तिला त्यांनी दुसऱ्या एका वस्तुस्थितीची जोड दिली. रेल्वे रोह्याहून थेट मंगळूरपर्यंत नेली तर ती एका प्रदेशाची गाडी राहत नाही. मुंबई आणि मंगळूर यांमधील लोहमार्गाचे अंतर तिच्यामुळे एक हजार किलोमीटरहून अधिक घटणार होते. मुंबई आणि कोची यांमधील अंतरही सुमारे पाचशे किलोमीटरने कमी होणार होते. म्हणजे राजापूरचा प्रश्न हा महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांचा प्रश्न होता. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या जाणकारांनी या मार्गाची पाहणी करून त्याचा पाठपुरावा आधीच चालविला होता. स्थानिक मागणीला राष्ट्रीय युक्तिवादाचे रूप देण्याचे काम संसदेतील प्रतिनिधीचे होते, आणि दंडवते यांनी ते चिकाटीने केले.

रेल्वेमंत्रिपदाची कसोटी

जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असता दंडवते यांना अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आदींप्रमाणे आणीबाणीत अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते यांनाही तुरुंगवास घडला. मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री झाले. जुलै १९७९ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस महिने, ते या पदावर होते.

ज्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळही नव्हता त्याचा प्रतिनिधी रेल्वेमंत्री झाला. आता कोकणच्या रेल्वेस विलंब नाही, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्या काळात संपूर्ण मार्ग मंजूर झाला नाही. दिव्याहून पनवेल आणि पुढे आपट्यापर्यंत रेल्वे साठीच्या दशकातच आली होती. तेथून रोह्यापर्यंतच्या टप्प्याला दंडवते यांच्या कारकिर्दीत चालना मिळाली. तो टप्पा प्रत्यक्ष पूर्ण होण्यास १९८६ साल उजाडले. मंत्री असूनही एवढेच, असे म्हणणारे तेव्हा होते. परंतु याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. रेल्वेच्या मर्यादित भांडवलावर साऱ्या देशाचा हक्क असतो. खाते हाती आले म्हणून मंत्र्याने ते आपल्या जिल्ह्याकडे वळवावयाचे, ही प्रथा एकदा पडली की प्रत्येक मंत्र्याबरोबर रेल्वेचा नकाशा बदलू लागतो. ज्या युक्तिवादाने कोकणला न्याय मिळावयाचा त्याच युक्तिवादाची त्यामुळे पत जाते. मार्गाचे तोंड कोकणच्या दिशेने वळवून देणे आणि पुढील भाग रीतसर मंजुरीवर सोपविणे, यात मतदारांची निराशा होती; पण सार्वजनिक नीतीचे भानही होते.

बाकावरचा प्रवासी

रेल्वेमंत्री म्हणून दंडवते यांची आठवण सामान्य प्रवाशाला राहिली ती एका साध्या सुधारणेमुळे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता रद्द झाला आणि त्याचा दुसरा वर्ग झाला. बाके मात्र लाकडीच राहिली. दोन दोन रात्री फळीवर काढणे हा गरीब प्रवाशाच्या नशिबाचा भाग मानला जात होता. दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी बसविण्याचा निर्णय घेतला. आरंभी प्रमुख गाड्यांपुरती असलेली ही सोय पुढील दशकात देशभर पसरली. वरिष्ठ वर्गाचे ऐश्वर्य कमी करण्यापेक्षा कनिष्ठ वर्गाचे कष्ट कमी करणे, हे या सुधारणेचे सूत्र होते. दरडोई खर्च थोडा आणि लाभार्थी कोट्यवधी, अशी सार्वजनिक खर्चाची उदाहरणे फार सापडत नाहीत.

१९७७ च्या डिसेंबरमध्ये मुंबई आणि हावडा यांमध्ये गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू झाली, तीही याच दृष्टीने. मे १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना जनता सरकारने कामावर परत घेतले. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस आता मंत्रिमंडळात त्यांचे सहकारी होते. हजारो कुटुंबांची चूल पुन्हा पेटली आणि रेल्वे प्रशासन व कामगार यांमधील कटुता काही अंशी ओसरली. रेल्वेच्या भाडेदरांचा मुळापासून विचार करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ डॉ. ह. कृ. परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तीही याच काळात. प्रवाशाची सोय, कामगाराचा न्याय आणि दरांची शास्त्रशुद्धता या तिन्हींचा एकत्रित विचार त्यामागे होता.

महामंडळाची कल्पना

१९८० मध्ये जनता पक्षाची वाताहत झाली, तरी राजापूरने दंडवते यांना पुन्हा निवडून दिले. १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत मोठमोठे विरोधी नेते पराभूत झाले, तेव्हाही त्यांची जागा टिकली. विरोधी बाकांवरून रेल्वेच्या अनुदानमागण्यांवर बोलताना कोकणचा मार्ग हा त्यांचा नित्याचा विषय राहिला. १९८४ पासून पश्चिम किनाऱ्यावरील मार्गाचे नवे सर्वेक्षण सुरू झाले आणि दक्षिण रेल्वेने १९८८ मध्ये त्याचा अहवाल दिला. आराखडा होता, नकाशे होते, पैसा नव्हता. रेल्वेच्या वार्षिक योजनेतून दरसाल तुटपुंजी तरतूद होत राहिली असती तर हा मार्ग पूर्ण होण्यास एक पिढी लागली असती.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले आणि एक दुर्मीळ योग जुळून आला. रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेले, अर्थखाते दंडवते यांच्याकडे आले आणि नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी कर्नाटकाचे रामकृष्ण हेगडे होते. पश्चिम किनाऱ्याशी नाते असलेली तीन माणसे निर्णयाच्या तीन नाड्या हाती धरून होती. या वेळी अवलंबिलेला उपाय केवळ तरतूद वाढविण्याचा नव्हता. रेल्वे मंडळाच्या नित्याच्या चौकटीबाहेर एक स्वतंत्र कंपनी स्थापन करावी, तिच्या भागभांडवलात केंद्र आणि लाभधारक राज्ये यांनी वाटा उचलावा आणि उरलेला मोठा पैसा कर्जरोख्यांद्वारे बाजारातून उभारावा, अशी ही योजना होती.

१९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा ठरला. ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची धुरा सोपविण्यात आली. रेल्वेच्या एका मोठ्या प्रकल्पात राज्यांना भागीदार करून घेण्याचा आणि करमुक्त रोख्यांद्वारे भांडवल जमविण्याचा हा प्रयोग त्या काळात अभिनव होता. अर्थमंत्र्यांची संमती नसती तर तो कागदावरच राहिला असता. एरव्ही काटकसरीचा आग्रह धरणारे अर्थखाते येथे मार्गातला धोंडा न होता वाटाड्या झाले, यात दंडवते यांचा वाटा निर्णायक होता.

याहून महत्त्वाचे म्हणजे ही रचना सरकारच्या आयुष्यावर अवलंबून नव्हती. नोव्हेंबर १९९० मध्ये ते सरकार कोसळले. पुढे काँग्रेसचे सरकार आले; महामंडळाचे काम मात्र चालू राहिले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठा वाद झाला, त्यासाठी चौकशी नेमली गेली आणि काम रखडले. तरीही प्रकल्प मोडला नाही. एका मंत्र्याच्या मर्जीने मिळालेली वस्तू दुसऱ्याच्या मर्जीने जाऊ शकते. संस्थेच्या रूपाने उभे केलेले काम मात्र असे सहजासहजी पुसता येत नाही.

१९९१ चा निकाल

महामंडळ स्थापन होऊन वर्ष होत नाही तोच १९९१ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी दंडवते यांचा पराभव केला. ज्या मागणीसाठी त्यांनी वीस वर्षे लोकसभेत आवाज उठविला ती पूर्ण होण्याच्या मार्गास लागली असताना हे घडले. याला केवळ कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. मंडल आणि मंदिर या दोन प्रश्नांनी तेव्हाचे राजकारण ढवळून निघाले होते, जनता दल दुभंगले होते, कोकणात शिवसेनेचा जोर वाढत होता आणि राजीव गांधींच्या हत्येची सहानुभूती काँग्रेसच्या पाठीशी होती. त्या गदारोळात एखाद्या सदस्याच्या संसदीय कार्याचा ताळेबंद कोण मांडणार? शिवाय रेल्वे कागदावरून जमिनीवर उतरावयाची होती. मतदाराने पाहिले होते ते सर्वेक्षणाचे दगड. गाडी त्याने पाहिली नव्हती.

येथे लोकशाहीतील एक पेच दिसतो. दळणवळणाच्या मोठ्या कामाला दहा ते वीस वर्षे लागतात, आणि मतदार दर पाच वर्षांनी निकाल देतो. जो प्रतिनिधी लगेच दिसणारे काम करतो त्याला लगेच श्रेय मिळते; जो पाया घालतो त्याचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडते. यामुळे पाया घालणारे प्रतिनिधीच दुर्मीळ होत गेले तर नुकसान प्रतिनिधीचे होत नाही, मतदारसंघाचे होते. दंडवते यांनी पराभवानंतर सार्वजनिक जीवन सोडले नाही. १९९६ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि त्यांच्या याच कारकिर्दीत, २६ जानेवारी १९९८ रोजी, रोहा ते मंगळूर हा सुमारे ७६० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. नव्वदाहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, करबुडे येथील साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, असे हे काम सुमारे साडेसात वर्षांत पूर्ण झाले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत वयाच्या ८१ व्या वर्षी दंडवते यांचे निधन झाले, तेव्हा ती रेल्वे कोकणच्या जीवनाचा नित्याचा भाग बनलेली होती.

उरलेला हिशोब

कोकण रेल्वेने काय दिले आणि काय दिले नाही, याचा विचार भाबडेपणाने करून चालणार नाही. रात्रभराच्या एस.टी. प्रवासाची सक्ती संपली, मुंबई आणि गाव यांमधील अंतर घटले, केरळ व कर्नाटकाला जवळचा मार्ग मिळाला. १९९९ मध्ये मालमोटारी थेट रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सोय कोलाडहून सुरू झाली. परंतु या रेल्वेबरोबर काही प्रश्नही आले. बाजारातून उभारलेल्या कर्जाच्या व्याजाचा भार महामंडळावर अनेक वर्षे राहिला. तो भागविण्यासाठी या मार्गावर भाडे आकारताना प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरण्याची पद्धत स्वीकारली गेली. याचा अर्थ असा की, संपन्न प्रदेशांना सर्वांच्या करातून रेल्वे मिळाली होती आणि मागासलेल्या प्रदेशाने मात्र आपल्या रेल्वेची किंमत तिकिटातून चुकती करावयाची होती. समतेच्या ज्या तत्त्वावर ही मागणी उभी होती त्याला घातलेली ही मुरड होती. रेल्वे लवकर मिळावी म्हणून दिलेली ती किंमत होती, असे म्हणता येईल. पण ती किंमत होती हे विसरता येणार नाही.

निसर्गानेही आपला हिशोब मांडला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि त्यानंतरच्या वर्षी महाडजवळ गाड्यांना भीषण अपघात झाले. कोकणच्या पावसात डोंगर कापून नेलेला मार्ग किती दक्षता मागतो, हे त्यांतून दिसून आले. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या कोकणातून धावतात, पण कोकणात थांबत नाहीत, ही तक्रार तर रेल्वेइतकीच जुनी आहे. सणासुदीला आरक्षणासाठी होणारी ओढाताण अजून संपलेली नाही. रोह्याहून वीरपर्यंतचा दुपदरी मार्ग २०२१ मध्ये पूर्ण झाला. त्यापुढे मार्ग बहुतांशी एकेरी राहिला. कोल्हापूर आणि वैभववाडी जोडण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे, आणि तेथे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो: वाहतूक आधी की रेल्वे आधी?

ज्या मतदारसंघाने नाथ पै आणि दंडवते यांना लोकसभेत पाठविले त्या राजापूरचे नाव २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांच्या यादीत राहिले नाही. पुनर्रचनेत तो रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये विलीन झाला. १९२४ पासून चालत आलेले स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकही २०१७ मध्ये इतिहासजमा झाले. आपल्या भागाच्या रेल्वेबद्दल सदस्यांनी ज्या चर्चेत आग्रहाने बोलावे अशी वर्षातील एक ठरलेली संधी त्याबरोबर गेली. अशा वेळी दंडवते यांच्या उदाहरणाची गरज कमी होत नाही, वाढते. थांब्याची मागणी कोणीही करू शकतो. परंतु त्या थांब्यामागे कोणते आर्थिक तत्त्व आहे, ते तत्त्व इतर प्रदेशांनाही लागू होते काय, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या न्याय्य मार्गाने उभा राहील, हे तिन्ही प्रश्न सोडवून मग सभागृहात उभे राहणारा सदस्य विरळा असतो. असा सदस्य मिळाला तर त्याच्या कामाचे फळ दिसेपर्यंत धीर धरणे हे मतदारांचेही कर्तव्य ठरते. १९९१ च्या राजापूरने तो धीर धरला नाही. पण त्याच्या घाटाखालून जाणारी गाडी त्यानंतर सात वर्षांनी आलीच.